पाववाल्यांचा गडी

मित्रांनो, जवळ या. नाकाला रुमाल लावलात तरी मी रागावणार नाही, मला आता त्याची सवय झाली आहे. थंड पडलेल्या भट्टीच्या भिंतीला टेकून, बसक्या चाकांवर उभा असलेला जो जुना पिकअप तुम्ही शाळेत जाता-येता बघता, तोच मी. तुमच्यातल्याच कुणीतरी माझ्या बॉनेटवरच्या धुळीत बोटाने बदक काढून ठेवलं आहे. बदक चांगलं जमलंय. त्या निमित्ताने माझ्या अंगाला कुणाचा तरी हात लागला.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्र्याचे ताव दाबून, वाकवून, जोडून मला आकार दिला आणि रंग पक्का बसावा म्हणून मला अख्ख्याला एका मोठ्या भट्टीतून फिरवून आणलं. म्हणजे भट्टीशी माझं नातं जन्मापासूनचं आहे बघा. मग तिथल्या एका माणसाने मला मैदानात गरगर फिरवलं, उतरताना दारावर थाप मारली आणि म्हणाला, "जा, कष्ट कर." आशीर्वाद म्हणून याहून बरं काही त्याला सुचलं नसावं. मी मात्र तो आयुष्यभर पाळला.

विक्रीच्या आवारात आम्ही काही जण ओळीने उभे होतो. गिऱ्हाइकं येत, टायरला लाथ मारत, बॉनेट उघडून सगळं कळल्यासारख्या माना डोलावत. माझे मालक आले ते वेगळेच. बुटके, गोल, भुवयांवर मैदा. त्यांनी टायरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकेका गाडीच्या केबिनचं दार उघडायचं, आत डोकं घालायचं आणि दीर्घ श्वास घ्यायचा, एवढंच त्यांचं चाललेलं. माझ्यापाशी त्यांनी दोनदा हुंगलं.

"ह्याला कुबट वास नाही," ते म्हणाले. "हाच गडी न्यायचा आपण."

विकणारा हसू दाबत राहिला. लोक मला गाडी म्हणून 'ती' म्हणतात, पण त्या घरात मी पहिल्या दिवसापासून गडी झालो तो झालोच.

मालकांचा धंदा पाव भाजण्याचा. त्यांचं नाक म्हणजे त्या घरातलं घड्याळ होतं आणि कोर्टही होतं. भट्टीच्या लोखंडी दारासमोर उभं राहून ते वासावरून सांगत, आतला पाव झालाय की अजून जरा हवाय. मैद्याचं पोतं तळाशी ओलावलेलं असलं तर ते त्यांना न उघडता कळे. त्यांची मुलगी तेव्हा लहान होती. तिने चोरून काय खाल्लं हे ते तिचा हात हुंगून सांगत. गूळ म्हणजे गूळ, पेरू म्हणजे पेरू. ती हरखून दुसरा हात पुढे करी.

"आता ह्याचा सांगा, बाबा!"

"मैद्याचा," ते म्हणत. "मैद्याच्या घरात आणखी कशाचा येणार?"

मग दोघंही हसत. विनोद रोज तोच, पण हसू मात्र ताजं असायचं.

माझ्या हौद्यात त्यांनी सुताराकडून लाकडी फळ्या बसवून घेतल्या, म्हणजे ट्रे खडखडायला नकोत आणि पत्र्याचा गारठा पावाला लागायला नको. त्या फळ्यांचा मला फार अभिमान होता. दुसऱ्या गाड्यांना नुसता पत्रा, आणि आम्हाला घरासारखी जमीन! ती फळ्यांची जमीनच पुढे मला भोवेल हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी हॉर्न वाजवून हसलो असतो.

त्या घरात एक रीत होती. ट्रे भरून झाले, ताडपत्री बांधायची वेळ आली, की मालक शेवटच्या ट्रेमधला एक पाव उचलत, मोडत, त्याची वाफ नाकाशी धरत आणि डोळे मिटून म्हणत, "चला." अर्धा पाव स्वतः खात, अर्धा मुलीला देत. त्यांनी 'चला' म्हटल्याशिवाय मी कधी आवाराबाहेर चाक टाकलं नाही. एकदा त्यांनी पाव हुंगला, नाक मुरडलं आणि सगळी खेप गुरांना घातली, कारण पाण्याच्या टाकीत शेवाळ धरलेलं त्यांच्या नाकाला कळलं होतं. बाकी कुणालाही ते कळलं नसतं.

ती माझी उमेदीची वर्षं. चहाची दुकानं, खाणावळ, दवाखाना आणि सगळ्यात शेवटी मुलांचं मोठं वसतिगृह, असा आमचा रोजचा फेरा. माझ्यामागून गरम पावाचा वास रस्ताभर चालत येई आणि त्या वासामागून गल्लीतली कुत्री. "पाववाल्यांचा गडी आला, उठा आता," असं आया पोरांना सांगत. मालकांची मुलगी माझ्याच केबिनमध्ये दप्तर घेऊन बसता बसता मोठी झाली आणि माझ्यावरच गाडी चालवायला शिकली. शिकताना तिने मला पहिल्याच वळणावर दिव्याच्या खांबाला नेऊन टेकवलं. ती रडकुंडीला आली. मालक उतरले, माझ्या डाव्या बाजूचा पोचा बघितला आणि म्हणाले, "काही नाही गं, गड्याच्या गालाला खळी पडली." ती खळी अजून आहे, या बाजूने आलात तर दिसेल.

मग एका थंडीत मालक तापाने अंथरुणाला खिळले. महिनाभराने उठून आले ते निम्मे झालेले. पहिल्याच सकाळी त्यांनी नेहमीसारखा पाव मोडला आणि नाकाशी धरला. कधी नव्हे इतका वेळ धरला. मग उलटा करून पुन्हा धरला. मुलगी ताडपत्रीची दोरी हातात घेऊन वाट बघत होती. "चला," ते म्हणाले, पण डोळे मिटून नाही, रस्त्याकडे बघत. मला वाटलं, अशक्तपणा असेल.

अशक्तपणा नव्हता. त्यांचं नाक गेलं होतं. तापाने ते नेलं आणि परत आणून दिलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर नाकाच्या भरवशावर भाकरी कमावली, त्याने हे सांगायचं तरी कुणाला? त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. ते भट्टीचं दार पुन्हा पुन्हा उघडून आत डोकावू लागले. मुलीला विचारू लागले, "किती वेळ झाला गं?" एकदा अख्खी खेप करपली, धूर आवारात आला, तेव्हा म्हणाले, "गप्पांच्या नादात राहिलो." मी खिडकीखालीच उभा होतो, मित्रांनो. त्या सकाळी त्यांच्याशी कुणीही बोलत नव्हतं.

आणि दैवाचा खेळ बघा, नेमकं त्याच वर्षी मला गळती लागली.

आमच्यासारख्या डिझेलच्या गाड्यांना दोन नळ्या असतात. एक टाकीतलं डिझेल इंजिनाकडे नेते, आणि इंजिनाने वापरून उरलेलं डिझेल दुसरी नळी परत टाकीत आणून सोडते. ही दुसरी नळी माझ्या हौद्याच्या खालून, पत्र्याला जवळजवळ चिकटून जाते. तिला धरून ठेवणाऱ्या एका क्लिपखाली पाणी साचत गेलं, गंज चढला आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं. इंजिन चालू असलं की त्यातून डिझेलचा बारीक फवारा उडे, फळ्या बसवताना पत्र्याला पाडलेल्या भोकांतून थेट फळ्यांच्या पोटावर. इंजिन बंद केलं की फवाराही बंद. लाकूड ते डिझेल पीत राही, आणि वर ट्रेमध्ये गरम पाव तो वास पीत राहत. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, माझ्या अंगात ते तळं साचत होतं. आणि मला तर बोलता येत नाही.

पहिली तक्रार चहावाल्याने केली. "पावाला रॉकेलसारखा वास मारतोय हो. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतात."

परतताना मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मलाही जरासा डिझेलचा वास येतोय."

मालकांनी उरलेला एक पाव मोडला, नाकाशी धरला. "काही नाही. त्याच्या स्टोव्हचा असेल. स्वतःच्या दुकानात धूर आणि नाव माझ्या पावाला!"

तिच्या नाकाला वास येत होता, मला माहीत आहे; सिग्नलला थांबलो की ती काच खाली करायची. पण त्या घरात लहानपणापासून निवाडा एकाच नाकाचा. बाबा म्हणाले नाही, म्हणजे नाही. स्वतःच्याच नाकाला खोटं ठरवून ती मला हाकत राहिली. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं नसतं. तिथे कुणीतरी 'शी, वास येतोय!' म्हणून ओरडलं असतं आणि काम झालं असतं.

खाणावळ तुटली, मग दवाखाना तुटला. तेव्हा कुठे मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री चांगला माणूस, हाताचाही आणि मनाचाही. पण मालकांनी मला सवयीने बंद करूनच त्याच्या ताब्यात दिलं. "उगाच डिझेल जाळू नकोस रे." बंद गाडीखाली त्याला काय दिसणार? टाकीच्या कडेला थोडी ओल दिसली. त्याने अंगाचा साबण ओला करून तिथे घासून बसवला आणि म्हणाला, "झालं काम, मालक." आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

वास गेला नाही. मग मालकांनी स्वतः उपाय केला. पाववाल्याला दुसरं काय सुचणार? घट्ट मळलेल्या मैद्याचा गोळा टाकीच्या कडेला थापून बसवला. चार दिवसांत तो वाळला, तडकला आणि रस्त्यात पडला. गल्लीतल्या कुत्र्याने तो हुंगला आणि तसाच सोडून दिला. मी हे सगळं बघत होतो आणि हसूही येत नव्हतं. पुढे त्यांना वाटलं, वास रस्त्यावरून आत शिरतोय, म्हणून त्यांनी ताडपत्री दुप्पट आवळून बांधायला सुरुवात केली. आता वास बाहेर जायचीही सोय राहिली नाही.

होता होता एकटं वसतिगृह उरलं. तिथल्या स्वयंपाकघराच्या बाई आम्हाला फार वर्षं ओळखत. एका सकाळी त्या स्वतः माझ्यापाशी चालत आल्या.

"दादा, पोरं पाव ताटात तसाच टाकतात हो. काहींनी तर नुसतं दूध पिऊन शाळा गाठली. मी तरी किती सांभाळून घेऊ?"

"बाई, तुम्हीच हुंगून बघा. कुठे आहे वास?" मालक म्हणाले.

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने मान खाली घातली. "सोमवारपर्यंत बघते," बाई म्हणाल्या. "नंतर मला दुसरीकडून मागवावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वसतिगृह गेलं की भट्टी विझणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. एवढी मोठी भट्टी घरच्या चार पावांसाठी कुणी पेटवत नाही.

त्या दुपारी मुलीने पदर खोचला. पोतं अंथरून ती माझ्याखाली आडवी झाली आणि चाळणीने माझ्या नळ्यांवर, क्लिपांवर, टाकीवर कोरडा मैदा भुरभुरवू लागली.

"अगं, मैदा कशाला नासतेस?" मालक बाहेरून ओरडले.

"बाबा, किल्ली फिरवा. चालू होऊ दे."

मी चालू झालो. सगळीकडे मैदा पांढराशुभ्र राहिला. फक्त हौद्याखालच्या त्या क्लिपपाशी एक काळपट ठिपका उमटला आणि मोठा मोठा होत गेला. "सापडलं!" ती इतक्या जोरात ओरडली की डोकं माझ्या चासीवर आपटलं. मित्रांनो, त्या ठिपक्यावर कुणीतरी बोट ठेवावं म्हणून मी किती तळमळलो होतो! मिस्त्रीने येऊन कपाळावर हात मारला. "चालू ठेवून बघायला हवी होती, ताई. माझंच चुकलं." त्याने दोन्ही नळ्या बदलल्या, नव्या क्लिपा लावल्या, तांब्याचे नवे वॉशर घातले. पुन्हा मैदा भुरभुरवला, पुन्हा मला चालू केलं. मैदा पांढरा तो पांढराच.

मला त्या दिवशी वाटलं, सुटलो.

राहता राहिल्या फळ्या. मुलीने त्या उकळत्या पाण्याने आणि सोड्याने घासघासून धुतल्या, उन्हात वाळवल्या. हाताला फोड आले. तरी ती हौद्याच्या कडेवर बसून म्हणाली, "बाबा, ह्या काढूनच टाकूया का? नुसत्या पत्र्यावर ट्रे ठेवू काही दिवस."

मालक हौद्यात चढले, गुडघे टेकले, नाक फळीला लावलं. मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, काढा, काढा त्या! ते उठले.

"कशाला काढायच्या? काही वास नाही. चांगलं लाकूड आहे."

"मला वाटलं अजून थोडा..."

"तुझ्या नाकात डिझेल भरलंय दोन दिवसांचं. माझ्या नाकावर भरवसा आहे ना?"

"आहे," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी पाव असा उतरला होता की बघत राहावं. मालकांनी एक उचलला, मोडला, नाकाशी धरला. "चला!" ते म्हणाले, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच डोळे मिटून म्हणाले. वसतिगृहापर्यंत दोघं लहानपणच्या गोष्टी बोलत होते. खांबाची गोष्टही निघाली. गरम पावाच्या वाफेने ताडपत्रीखालच्या माझ्या फळ्या तापत होत्या, आणि उबेने लाकडाच्या पोटातलं सगळं डिझेल पुन्हा श्वास सोडत होतं.

बाईंनी ताडपत्री वर केली आणि एक पाऊल मागे सरकल्या. त्यांनी पाव मोडला नाही, मोडायची गरजच नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाईट वाटून की वासाने, मला सांगता येणार नाही. "दादा, न्या परत," त्या म्हणाल्या. दुसऱ्या कुणाची तरी पांढरी गाडी फाटकाशी येऊन थांबलीच होती.

भरल्या ट्रेंसकट आम्ही परत फिरलो. अर्ध्या वाटेत मी बंद पडलो. नव्या नळ्यांमध्ये कुठेतरी हवा अडकून राहिली होती, ती इंजिनापर्यंत आली. मालक डोळे मिटून, काचेला डोकं टेकून बसले होते. मुलगी उतरली. तिने बॉनेट उचललं, फिल्टरजवळचा स्क्रू सैल केला आणि छोटा हातपंप दाबत राहिली. आधी नुसता फेस आला, मग डिझेल. तिच्या बोटांवरून, मनगटावरून, कोपरापर्यंत वाहिलं. पुसायला चिंधी सापडली नाही. ती तशीच येऊन माझ्या सीटवर बसली. बाहेर गारठा, काचा बंद. केबिनभर असा दर्प कोंदला की तिला स्वतःलाच ठसका लागला.

मालकांनी डोळे उघडले नाहीत. "झालं का गं?" एवढंच म्हणाले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मुलीने किल्लीकडे नेलेला हात थांबवला. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने तो हात, डिझेल निथळत असलेला, त्यांच्या नाकापाशी नेला आणि लहानपणच्या आवाजात म्हणाली, "बाबा, ह्याचा सांगा."

त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच दीर्घ श्वास घेतला. पूर्वीसारखाच. मग ओठांवर हसू आणलं.

"मैद्याचा," ते म्हणाले. "मैद्याच्या घरात आणखी कशाचा येणार?"

तिच्या कोपरावरून एक थेंब माझ्या सीटवर पडला. तो डाग तुम्हाला अजून दिसेल.

"बरोबर, बाबा," ती म्हणाली. बराच वेळ तिने किल्ली फिरवली नाही. त्यांनीही डोळे उघडले नाहीत, आणि मला वाटतं, काही न विचारताच त्यांना कळलं होतं की तिला कळलं.

भट्टी त्याच आठवड्यात विझली. फळ्या मुलीने दुसऱ्याच दिवशी उखडल्या. त्या बघा, माझ्या शेजारी रचून ठेवल्या आहेत. वरातीमागून घोडं. मुलगी आता दुसऱ्यांची गाडी चालवते. भंगारवाला एक-दोनदा येऊन माझ्याभोवती फिरून गेला, त्याने टायरला लाथही मारली. तो पुन्हा येईल, तेव्हा बहुधा मला घेऊनच जाईल. पण मित्रांनो, एकदा वाकून माझ्याखाली बघून घ्या. एक थेंब गळत नाही. मी अगदी कोरडा ठणठणीत आहे.

म्हाताऱ्याने आपली कहाणी सांगितली की दोन शब्द शिकवायचेही असतात म्हणे. माझ्याकडे फार काही नाही. तुमच्या घरच्या गाडीला वास येऊ लागला तर ती बंद करून बघत बसू नका, चालू ठेवून बघा. आमचं दुखणं आम्ही कामाला लागलो की दिसतं. आणि तुमच्या नाकाला काही कळलं, तर घरातलं मोठं माणूस नाही म्हणालं तरी पुन्हा एकदा बोला. ते रागावतील. रागावू द्या. त्यांनाही कदाचित कुणीतरी विचारायला हवं असेल.

मालक अजून रोज सकाळी येतात. माझ्या केबिनचं दार उघडतात, आत डोकं घालतात आणि दीर्घ श्वास घेतात, त्या विक्रीच्या आवारात घेतला होता तसा. मग थांबतात, आणि पुन्हा एकदा घेतात. पावाचा, डिझेलचा, निदान जुन्या सीटचा तरी वास त्यांना द्यावा म्हणून माझा जीव कासावीस होतो. दार लावून जातात. आवाज होऊ नये म्हणून हळूच लावतात.